रावसाहेबांचं अर्थिंग

१

सदाशिव पेठेत रावसाहेब धुमाळांकडे गाणं ऐकायला जायचं तर चपला दाराबाहेर, मोबाइल बंद करून खिडकीत आणि खोकला झाला असेल तर आपण घरीच, असा नियम होता. चहा गाण्याआधी मिळे किंवा गाणं संपल्यावर. मध्ये कुणी पाणी मागितलं तर रावसाहेब त्याच्याकडे असे बघत की त्याची तहान आपोआप भागे. तरीही महिन्याच्या पहिल्या रविवारी आठ-दहा माणसं येत, सतरंजीवर मांडी घालून बसत आणि जाताना म्हणत, "असा आवाज पुण्यात दुसरीकडे नाही." रावसाहेब म्हणत, "माहीत आहे."

तेहेतीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात लाइनी तपासण्यात काढली होती. रिसीव्हर कानाला लावून नुसत्या खरखरीवरून ते सांगत, अमक्या चौकात केबलमध्ये पाणी शिरलंय, तमक्या गल्लीत उंदराने तार कुरतडलीय. माणसं जाऊन खणत, आणि तेच निघे. निवृत्तीनंतर त्यांनी तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत आपला संच मांडला. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बांधलेला, स्पीकरची सागवानी खोकी स्वतः सुताराच्या उरावर बसून करून घेतलेली. खोलीचं छत साडेदहा फूट उंच, कारण इमारत जुनी होती आणि त्या काळच्या बिल्डरला, रावसाहेबांच्या शब्दांत, "माणसं उभी राहतात हे ठाऊक होतं."

पण नव्या पाहुण्याला ते आधी मागच्या अंगणात नेत. तिथे एक लोखंडी झाकण होतं. झाकणाखाली अर्थिंगचा खड्डा. घरातल्या वायरिंगमधली फाजील वीज जमिनीत निघून जावी म्हणून असतो तसा, पण रावसाहेबांचा आठ फूट खोल. तळाशी तांब्याची प्लेट, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ, आणि प्लेटपासून थेट अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत अंगठ्याएवढी जाड तांब्याची तार. वीस वर्षांपूर्वी रावसाहेब आणि त्यांचे दोस्त चांद तांबोळी, पेठेतले जुने वायरमन, या दोघांनी चार दिवस खपून तो खणला होता. दर शनिवारी रावसाहेब त्यात घागरभर पाणी ओतत. "संगीत आकाशातून येतं असं लोक म्हणतात," ते पाहुण्याला सांगत. "खोटं आहे. ते अर्थिंगमधून येतं."

त्या उन्हाळ्यात शेजारची इमारत पाडायला घेतली. तिथे बारा मजली उभी राहणार होती. क्रेन सुरू झाली की पेठेतले दिवे मान टाकत. एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचा टीव्ही आणि फ्रीज एकाच वेळी जळाले. पुढच्या रविवारी मुलगी सृष्टी वाघोलीहून एक खोकं घेऊन आली.

"बाबा, हा कंडिशनर आहे, यातच सर्ज प्रोटेक्टर आहे. वीज स्वच्छ करतो, आणि अचानक जास्त व्होल्टेज आलं तर अडवतो. आमच्याकडे दिवसातून चार वेळा लाइट जाते, म्हणून आम्ही सगळ्याला लावलंय."

"वाघोलीत लावावंच लागेल," रावसाहेब म्हणाले. "माझ्या घराला अर्थिंग आहे."

"अ‍ॅम्प्लिफायर जळल्यावर अर्थिंगला काय सांगणार?"

रावसाहेबांना आणखी एक काटा टोचत होता. रविवारच्या मंडळींतले श्रीधरपंत दातार, ज्यांच्या मताला रावसाहेब मनातून मानत आणि तोंडावर कधी मानत नसत, त्यांनीही घरी असलं खोकं बसवलं होतं. गेल्या बैठकीला ते म्हणाले होते, "ते लावल्यापासून दोन सुरांमधली शांतता अगदी काळी झाली हो." त्यावर रावसाहेब म्हणाले होते, "काळी दिसत असेल तर डोळे तपासून घ्या." सगळे हसले, पण वाक्य मनात राहिलं ते राहिलंच.

"ठेव तिकडे," ते सृष्टीला म्हणाले. "एक आठवडा याच्याशिवाय ऐकीन, एक आठवडा याला लावून. नापास झालं तर वाघोलीला परत."

२

सोमवारी सकाळी दहा वाजता मुक्ताई, म्हणजे रावसाहेबांच्या पत्नी, भाजी आणायला बाहेर पडल्या आणि परीक्षा सुरू झाली.

पद्धत रावसाहेबांची नेहमीची होती. तबकडी लावायची नाही. अ‍ॅम्प्लिफायर तापू द्यायचा, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं आणि डाव्या स्पीकरपासून हातभर अंतरावर स्टूल टाकून बसायचं. गाणं नसताना जे ऐकू येतं तो सगळा विजेबरोबर आलेला कचरा. त्यांनी वहीत लिहिलं: वरच्या पट्टीत बारीक सूंऽ, क्रेन फिरली की करकर, खाली अगदी पुसट घूंऽ. मग ते आणखी खाली ऐकू लागले.

त्या सगळ्याच्या तळाशी एक खोली होती.

हे त्यांना लगेच कळलं. टेलिफोन खात्यात असताना कुणी रिसीव्हर उचलून तसाच बाजूला ठेवला असला, की त्यांना पलीकडचं घर ऐकू येई. कुणी बोलत नसलं तरी. फरशीचं घर वेगळं वाजतं, गालिचाचं वेगळं, स्वयंपाकघर वेगळं. जागेला स्वतःची एक बंद हवा असते आणि ती तारेतून येते. तशी हवा आत्ता स्पीकरमधून येत होती. त्यांनी डोळे मिटले आणि सवयीने माप घेतलं. दहा बाय आठ. छत डोक्याला लागेल इतकं खाली. भिंती मातीच्या, ओल धरलेल्या. दार ऐकू येत नाही.

हे सगळं त्यांनी वहीत लिहिलं, वाचलं आणि स्वतःशीच हसले. वय झालं, असं एक मन म्हणालं. दुसरं मन म्हणालं, वय झालं असतं तर ऐकू आलंच नसतं.

शेजारी बांधकाम आहे, त्यांनी विचार केला. जमिनीखाली दोन मजले पार्किंग व्हायचंय. खणलेल्या खड्ड्यात मजुरांची खोली असेल, तिथली वायर आपल्या लाइनला लागली असेल. टेलिफोनवर एकाच्या गप्पा दुसऱ्याला ऐकू जातात, त्यातलाच प्रकार. संध्याकाळी फिरायला जाताना त्यांनी तिथल्या वॉचमनला विचारलं.

"खोदायचं काम अजून सुरूच नाही झालं, काका," तो म्हणाला. "आत्ताशी फक्त पाडतायत."

रावसाहेब बरं म्हणाले आणि पुढे गेले. पण मनातून त्यांना वाईट वाटलं नव्हतं. पुण्यात असे किती संच असतील, जे इतके स्वच्छ आहेत की त्यांच्या शांततेत आख्खी खोली ऐकू यावी?

३

दुसऱ्या सोमवारी त्यांनी सृष्टीचं खोकं जोडलं. हिरवा दिवा लागला. करकर गेली. घूं गेलं. श्रीधरपंतांची काळी शांतता म्हणतात ती हीच, हे त्यांना मान्य करावं लागलं, आणि मान्य करायला समोर कुणी नाही याचं बरं वाटलं.

खोली मात्र राहिली. कचरा दूर झाल्यामुळे ती आता स्वच्छ दिसावी तशी ऐकू येत होती. तिच्या पलीकडच्या भिंतीला टेकून कुणीतरी होतं.

ते हलत नव्हतं, बोलत नव्हतं. पण रिकामी खोली आणि माणूस असलेली खोली यांतला फरक रावसाहेबांच्या कानातून कधीच निसटला नव्हता. माणूस आवाज थोडा पितो. कोपऱ्यात बसला असेल तर तो कोपरा कमी वाजतो. तसा एक कोपरा कमी वाजत होता.

रावसाहेब उठले आणि लाइनमनला शोभेल अशा शिस्तीने एकेक गोष्ट सोडवू लागले. रेकॉर्ड प्लेअर काढला, खोली तशीच. खोकं काढून पुन्हा लावलं, भिंतीतला बोर्ड बदलला, तशीच. शेवटी, जे कुणी करू नये असं ते स्वतः लोकांना बजावत असत, ते त्यांनी केलं. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीची जाड तांब्याची तार, अर्थिंगची, क्षणभर सोडवली.

खोली गेली. दार आपटल्यासारखी एकदम. तार पुन्हा लावली, खोली आली.

म्हणजे हे विजेबरोबर येत नव्हतं. खांबावरून येणारं सगळं खोकं गाळत होतं, पण अर्थिंगची तार खोक्यातून गाळली जात नाही, ती सरळ जाते. हे अंगणातून येत होतं. आठ फुटांवरून.

मग, का ते रावसाहेबांना नंतरही सांगता आलं नाही, त्यांनी भीमपलासची आपली सगळ्यात आवडती तबकडी काढली, पुसली आणि लावली. सुई उचलल्यावर खोली आधीसारखीच शांत होती. आणि मग तिथून, भिंतीपाशी बसलेल्या कुणाच्यातरी बंद ओठांतून, बंदिशीचा मुखडा आला. हळू, पण सुरात. गाणाऱ्या बाईने समेवर येताना जी अवघड जागा घेतली होती, तीसुद्धा.

रावसाहेबांच्या अंगावर काटा आला. आणि त्या काट्याच्या आत, तितक्याच खोल, एक अभिमान फुलून आला. रविवारी येणारी माणसं माना डोलवत, पण ती जागा आजवर एकालाही कळली नव्हती.

४

त्यानंतरचे बारा-पंधरा दिवस रावसाहेबांनी जसं ऐकवलं तसं आयुष्यात कुणाला ऐकवलं नव्हतं. खोक्याची परीक्षा मागे पडली. सकाळी दहाला ते तबकड्या निवडत बसत. हलकं काही लावलं तर खालून काहीच उमटत नसे. चांगलं लावलं तर गुणगुण येई. एकदा एका कलाकाराचा सूर किंचित उतरला होता, तो खालच्याने गुणगुणताना दुरुस्त केला, आणि रावसाहेब "वा" म्हणून गेले.

मनातली शंका गेली नव्हती. ती रोज सकाळी अंघोळ करताना येई. आठ फूट खाली खोली कशी असेल? आम्हीच खणला तो खड्डा. कोळसा होता, मीठ होतं, माती होती. पण दहा वाजले की शंका बाजूला पडे. ज्याचं ऐकणं असं आहे त्याला काय विचारायचं?

एका दुपारी उकाड्यामुळे दुसऱ्यांदा अंघोळ करून ते केस पुसत बाहेर आले तर मुक्ताई पुढच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या.

"आज आवाज लागला होता तुमचा," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत कधी गुणगुणताना ऐकलं नाही तुम्हाला."

रावसाहेबांनी खोलीत बघितलं. अ‍ॅम्प्लिफायर चालू राहिला होता.

"केव्हा?"

"आत्ताच की. मला वाटलं, बसला आहात आत. म्हणून दार लोटलं नाही." त्यांनी रावसाहेबांच्या ओल्या केसांकडे पाहिलं. "तुम्ही अंघोळीला होतात का?"

"तबकडी होती," रावसाहेब म्हणाले.

मुक्ताईंनी रेकॉर्ड प्लेअरकडे बघितलं. त्याचं झाकण बंद होतं. त्या दिवसापासून दुपारची पोथी त्या पुढच्या खोलीऐवजी स्वयंपाकघरात बसून वाचू लागल्या.

५

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला क्रेनने रस्त्यावरच्या खांबाची तार तोडली.

आधी बाहेर फट्ट असा आवाज झाला. खोलीतला दिवा पांढराशुभ्र पेटला, इतका की रावसाहेबांना भिंतीवरचा प्रत्येक खिळा दिसला. सृष्टीच्या खोक्यातून चट् आवाज आला, जळक्या रबराचा वास सुटला, हिरवा दिवा विझला आणि मग सगळंच विझलं.

वीज गेली तरी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर चार-पाच सेकंद जिवंत असतो. त्या चार-पाच सेकंदांत स्पीकरमधून आवाज आला. तापलेल्या तव्याला हात लागला की माणूस दातांमधून हवा आत ओढतो, तेवढाच. मग तोही बंद झाला.

दुपारपर्यंत इमारतीत कुणाचा पंखा, कुणाचा मिक्सर जळल्याच्या बातम्या आल्या. त्या खोक्याशिवाय रावसाहेबांचं काहीच गेलं नव्हतं. सृष्टीने फोनवर विचारलं, "आता पटलं ना?"

"पटलं," रावसाहेब म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की तिने दोनदा विचारलं, "बाबा, बरं आहे ना?"

पटलं होतं, आणि म्हणूनच त्यांचा जीव खालीवर होत होता. सर्ज प्रोटेक्टर वीज गिळत नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तो जास्तीची वीज अर्थिंगमध्ये ढकलतो. वरचं वाचतं, ते खाली जातं.

चार वाजता लाइट आली. त्यांनी जळकं खोकं बाजूला केलं, अ‍ॅम्प्लिफायर थेट लावला आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. खोली होती. पण पलीकडचा तो कोपरा आता नेहमीसारखा वाजत होता, मोकळा. जे काही तिथे बसत होतं ते तिथून उठलं होतं. रावसाहेबांनी स्टूल पुढे ओढलं, आणि तेव्हा त्यांना श्वास ऐकू आला. स्पीकरच्या कापडाला चिकटून घेतल्यासारखा, तारेच्या अगदी तोंडाशी.

"लागलं का?" रावसाहेबांनी विचारलं.

श्वास थांबला. बराच वेळ थांबला. रावसाहेबांनी भीमपलास लावला, मग मारवा, मग आपल्याकडे जे सर्वांत दुर्मीळ होतं ते. खालून गुणगुण आली नाही. फक्त तबकडी संपली की तो श्वास पुन्हा सुरू होई, आणि प्रत्येक वेळी आदल्यापेक्षा जवळून.

६

चांद तांबोळी शुक्रवारी नमाजानंतर आले. रावसाहेबांनी त्यांना काही सांगितलं नाही. "अर्थिंग बघा" एवढंच म्हणाले. चांदभाईंनी मीटर लावला, काटा बघितला, तारा काढून पुन्हा लावल्या आणि पुन्हा बघितला.

"मागच्या वर्षी दोन ओहम होतं," ते म्हणाले. "उत्तम होतं. आज शून्य दाखवतोय."

"मग आणखी उत्तम."

"शून्य नसतं, रावसाहेब. माती आहे ती. थोडातरी विरोध करणारच."

"तुमचा मीटर बिघडला असेल."

"माझा मीटर बिघडत नाही," चांदभाई शांतपणे म्हणाले. "तुमचा कान बिघडतो का?"

त्यावर रावसाहेबांनी त्यांना आत नेलं, स्टुलावर बसवलं आणि आवाज वाढवला. चांदभाईंनी ऐकलं. दोन मिनिटांनी ते उठले, आपल्या हाताने अ‍ॅम्प्लिफायर बंद केला आणि अंगणात जाऊन पहार मागितली.

दोघांनी मिळून तारेच्या कडेने खणायला सुरुवात केली. ऊन होतं. वरची हातभर तार हिरवी पडली होती, वीस वर्षं जमिनीत राहिलेलं तांबं पडावं तशी. दोन फुटांवर हिरवा रंग संपला. अडीच फुटांवर तार चमकू लागली. जुन्या घरातल्या जिन्याचा पितळी कठडा लोकांच्या हातांनी घासून घासून होतो, तशी गुळगुळीत, पिवळीधमक.

चांदभाईंनी पहार बाजूला ठेवली.

"ही हाताळलेली आहे," ते म्हणाले.

"मिठाने होत असेल."

"मिठाने तांबं हिरवं होतं. हे तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं." त्यांनी दोन बोटं तारेवर ठेवली आणि लगेच काढून घेतली. "तोडू या."

रावसाहेब त्या तारेकडे बघत राहिले. चार दिवस, दोन माणसं, हाताला आलेले फोड. किती पाहुण्यांना इथे उभं केलं होतं, किती जणांनी तोंडात बोट घातलं होतं. "असलं अर्थिंग पुण्यात नाही, चांदभाई."

"नाहीच. म्हणून म्हणतो."

"ऐकतं हो ते," रावसाहेब अगदी हळू म्हणाले. "तुम्हाला नाही कळणार. फार चांगलं ऐकतं."

"मग आता जवळ कशाला येतंय?"

घरात मुक्ताई एकट्या पोथी वाचत होत्या, हे रावसाहेबांना आठवलं. त्यांनी मान हलवली.

"वरचं टोक धरा," चांदभाई म्हणाले, "उसळून तोंडावर येईल."

रावसाहेबांनी दोन्ही हातांनी तार धरली. चांदभाईंनी मोठी कात्री लावून जोर दिला. तांबं कडक होतं, तिसऱ्या दाबाला तुटलं. त्याच वेळी रावसाहेबांच्या तळहातांतून काहीतरी सळसळत वर गेलं, वीज म्हणावं तर वीज बंद होती. पण त्याकडे लक्ष द्यायला सवड झाली नाही, कारण दोघांचीही नजर खड्ड्यात होती.

तारेचं खालचं टोक, चमकतं, मातीतून चार बोटं वर आलेलं, हळूहळू खाली जात होतं. घाई नव्हती. चार बोटं, तीन, दोन. मग तिथे फक्त एक भोक राहिलं आणि कडेची माती त्यात घरंगळली.

"वजनाने गेली," चांदभाई थोड्या वेळाने म्हणाले.

"हो. वजनाने."

वीस वर्षं घट्ट बसलेल्या मातीत जाड तार आपल्या वजनाने सरकत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी पटापट खड्डा भरला. अंधार पडायच्या आत चांदभाईंनी पुढच्या फाटकापाशी एक साधा लोखंडी रॉड ठोकून नवं अर्थिंग करून दिलं. मीटरने साडेतीन ओहम दाखवला. "हे बघा," ते म्हणाले, "माणसाचं अर्थिंग असं असतं." जाताना ते नेहमीसारखे मागच्या दाराने गेले नाहीत. अंगण टाळून पुढून गेले.

७

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी बैठक भरली. सृष्टीने नवं खोकं पाठवलं होतं आणि रावसाहेबांनी ते स्वतः बसवलं होतं. वहीत त्यांनी निकालही लिहिला होता: सर्ज प्रोटेक्टर हवाच. वीज गाळल्याने आवाजात फरक पडतो, मान्य. अर्थिंग साधं असावं. खाली सही केली होती. मधल्या आठवड्यात तीन दिवस त्यांनी आवाज पूर्ण वाढवून ऐकलं होतं. खोली नव्हती, श्वास नव्हता, काहीच नव्हतं.

श्रीधरपंत पुढे बसले होते. रावसाहेबांनी सुरुवातीला दोन शब्द बोलायचा आपला रिवाज पाळला, आणि बोलता बोलता त्यांना आपलाच आवाज जरा बसका वाटला, घोंगडीखालून आल्यासारखा. सर्दी असेल, त्यांनी मनात म्हटलं. त्यांनी तबकडी लावली.

वीस मिनिटांनी सुई उचलली गेली तेव्हा कुणी हललं नाही. स्पीकरमध्ये काही उरलं नव्हतं, ना सूं, ना घूं. श्रीधरपंतांनी चष्मा काढला, पुसला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "रावसाहेब, मानलं. माझ्या घरी एवढी शांतता नाही."

या एका वाक्यासाठी रावसाहेबांनी वीस वर्षं वाट बघितली होती. छाती भरून आली. ते हात जोडून हसले. फक्त श्रीधरपंतांचं ते वाक्य समोरून येण्याऐवजी डोक्यावरून का आलं, एवढं त्यांना कळलं नाही. बाकीच्यांची वाहवाही वरूनच आली, माडीवर माणसं बोलत असावीत तशी.

मंडळी गेली. रावसाहेबांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, खोकं बंद केलं, भिंतीतलं बटण बंद केलं. मग आपल्या खुर्चीत बसून त्यांनी एकदा टाळी वाजवली. नव्या जागेत गेले की ते अशी टाळी वाजवून जागा जोखत. या खोलीत त्यांनी ती गेल्या कित्येक वर्षांत वाजवली नव्हती. गरजच नव्हती.

टाळी लगेच परत आली, मऊ, बुटकी. त्यांनी मान वर करून बघितलं. साडेदहा फुटांवर पांढरं छत होतं, पंखा होता. डोळे मिटून त्यांनी पुन्हा टाळी वाजवली. दहा बाय आठ. छत डोक्याला लागेल इतकं खाली. भिंती मातीच्या. त्यांनी हात पुढे केला, तो खुर्चीच्या सागवानी हातावर पडला. डोळे आणि हात एक सांगत होते आणि कान दुसरं, आणि आजवर चुकला नव्हता तो कान.

मुक्ताई चहा घेऊन आत आल्या. समोरच्या दारातून आल्या, हे रावसाहेबांनी बघितलं. मुक्ताईंचे ओठ हलले आणि किंचित वेळाने, वरून, शब्द आले.

"दमलात का? चहा घेता ना?"

"ठेव," रावसाहेब म्हणाले.

मुक्ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी सावकाश मान वळवून डाव्या स्पीकरकडे पाहिलं, पुन्हा रावसाहेबांकडे, पुन्हा स्पीकरकडे. कप स्टुलावर ठेवताना चहा बशीत सांडला. बंद अ‍ॅम्प्लिफायरपाशी जाऊन त्यांनी भिंतीतलं बटण हाताने चाचपलं. मग त्या वाकल्या आणि स्पीकरच्या कापडाला कान लावला. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं. परक्याला विचारावं तसं, अदबीने.

रावसाहेबांनी खुर्चीत बसल्या बसल्या आपलं पूर्ण नाव सांगितलं.

ते सागवानी खोक्यातून बाहेर पडलेलं त्यांनी ऐकलं. मुक्ताई दोन पावलं मागे सरकल्या आणि त्यांचा हात तोंडावर गेला. रावसाहेबांना त्यांच्याकडे जायचं होतं, उठायचं होतं. पण त्याआधी, फक्त एक क्षण, ते आपल्या नावाकडे कान देऊन राहिले. किती स्वच्छ आलं होतं. एकही खरखर नाही, कुठे घूं नाही, एकेक अक्षर कोरल्यासारखं. असा आवाज त्यांच्या संचातून आजवर निघाला नव्हता, आणि त्या अभिमानातच त्यांनी पुढचा श्वास घेतला, स्पीकरच्या अगदी जवळून.